आक्का, ये

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की अंबाडी यायच्या आधी एक वळण आहे. तिथं डाव्या अंगाला शेंदूर फासलेला धोंडा आहे. त्याला सगळे आक्का म्हणतात. जो तो गाडीवाला वळणावर हॉर्नला हात लावतो आणि पुटपुटतो, "येतो आक्का."

क्षितिजा अंबाडीचीच, त्यामुळे गोष्ट तिला लहानपणापासून पाठ. आक्का नावाची बाई गाठोडं घेऊन त्या वळणावर उभी राहायची, गाड्यांना हात करायची. थांबायला कुणाला वेळ नसे. पण बाईमाणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून जो तो खिडकीतून सांगायचा, येतो आक्का, माघारी येताना घेतो. माघारी कुणीच घेतलं नाही. एका सकाळी ती गाठोड्यावर मान टाकून संपलेली दिसली. तेव्हापासून तोच शब्द तिला देत राहायचा रिवाज पडला. ट्रकवाले म्हणतात, ती रस्ता राखते. रिक्षावाले म्हणतात, राखत बिखत नाही, ती नुसती ऐकते.

बी.एस्सी. झालेल्या क्षितिजाला हे सगळं थोतांड वाटायचं. मुलगी माधवी झाली आणि क्षितिजाही हळूच "येते" म्हणू लागली. म्हटल्याने काय बिघडतंय?

माधवी आता दोनाची होत आली होती. शब्दांच्या शेपट्या तोडून बोलायची. पाणी म्हणजे "पा", भाकरी म्हणजे "भा". त्या रविवारी माहेरी निघाले तेव्हा क्षितिजा नेहमीसारखी तिला घेऊन मागे बसली. पुढे बसलं की समोरच्या ट्रकची चाकं दिसत आणि तिचा जीव वरखाली होई. वळण आलं. नवऱ्याने, प्रितेशने, हॉर्न दाबला. "येतो आक्का." क्षितिजा पुटपुटली, "येते." आणि मांडीवरच्या पोरीने काचेवर तळहात टेकवून स्पष्ट म्हटलं, "आक्का, ये."

प्रितेश हसला. "येते म्हणायचं गं मधूबाई. ये काय? पाहुणी आहे का ती?"

पुढच्या पुलाशी पोचेपर्यंत टुंग टुंग सुरू झालं. पुढच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की गाडी तसं वाजते. सीट रिकामी होती. प्रितेशने सीटवरून हात फिरवला आणि जरा घाईनेच मागे घेतला. सेन्सर गेला असेल, म्हणाला. मग रिकाम्या सीटवरून बेल्ट ओढून खटका लावला. आवाज बंद झाला.

गॅरेजवाल्याने गाडी तपासली. काही दोष नाही, असं सांगून त्याने परत पाठवली.

गाडीपेक्षा पोरीचं वेगळंच सुरू झालं. दिवसभर खिडकीला लागून खाली पार्किंगकडे बघायची. गाडीत नेऊन बसवलं तरच घास गिळायची. पुढच्या सीटकडे तोंड करून खुदकन हसायची, दोन्ही हात वर करायची, कुणी उचलून घ्यावं तसे. गुरुवारी तिने त्या सीटला "आई" म्हटलं. क्षितिजाने तिला छातीशी धरलं, तर परक्या बाईने धरावं तशी ती अंग ताठ करून ओरडली.

क्षितिजाने आपल्या आईला, शांताबाईला, फोन लावला. सगळं ऐकून शांताबाई म्हणाली,

"तिला जा म्हनू नको हां. बोलावून आनलेल्या बाईला जा म्हनायचं नसतं."

"मग काय करू?"

"मला काय म्हाईत बाय? आजवर तिला कोनी गाडीत घेतलीच न्हाय."

कपडे वाळत घालताना हे वाक्य क्षितिजाच्या डोक्यात फिरत राहिलं. गाडीत कुणाला घेतलं की पहिली गोष्ट माणूस काय विचारतो? इतक्या वर्षांत आक्काला ते कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी भर दुपारी अंबाडीच्या नाक्यावर तिने प्रितेशला गाडी कडेला घ्यायला लावली. पुढे वाकली. "आक्का, कुठं उतरायचंय तुम्हाला?"

गाडीत एसीचा आवाज तेवढा होता. मग माधवीने बोट केलं. "तिते."

प्रितेश बोट दाखवेल तिकडे वळत गेला. गणेशपुरीकडचा रस्ता, मग आत एक सिमेंटचा. दोन्हीकडे भाताची खाचरं होती, मग एकाच बाजूला उरली, मग तीही संपली आणि गोडाऊनची लांबलचक भिंत सुरू झाली. फाटकाशी माधवीचं बोट खाली आलं. भिंतीच्या आत, पत्र्यांच्या मधोमध, एक चिंच तेवढी उभी होती.

क्षितिजा उतरली. पुढचं दार उघडलं, बेल्टचा खटका सोडला आणि सासूसाठी धरावं तसं दार धरून उभी राहिली.

वॉचमन पुढे आला. "किसके यहाँ जाना है?"

प्रितेशही खाली उतरला. क्षितिजाच म्हणाली, "इनको छोडने आये है. घर है इनका इधर."

वॉचमनने तिच्या बाजूला पाहिलं. त्याने मोठ्या फाटकातला छोटा दरवाजा उघडला, अंग चोरून बाजूला झाला, आणि म्हातारं माणूस उंबरा ओलांडायला जितका वेळ लावतं तितका वेळ तो दरवाजा धरून उभा राहिला. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

प्रितेशने श्वास सोडला. सवयीने फाटकाकडे वळून म्हणाला, "चला, ये—"

क्षितिजाने त्याचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "काही बोलू नका. बसा गाडीत."

निरोप न घेताच ते निघाले. फाटक मागे पडलं आणि माधवीने टाहो फोडला. लाथा मारल्या, आईच्या छातीवर मुठी आपटल्या. थांबू का, प्रितेशने विचारलं. चालवा, ती म्हणाली. अंबाडीच्या बाजारात गाडी शिरेपर्यंत पोरीचा आवाज बसला होता. हुंदके देत देत तिने आईची ओढणी मुठीत धरली होती, आणि उतरायची वेळ आली तरी क्षितिजाने ती मूठ सोडवली नाही.