डोंगरसिंगची आणेवारी

दोन हजार तेवीस साली, कार्तिक संपता संपता, एका सोमवारी सकाळी अकराला डोंगरसिंग राठोड पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसला, मांडीवरच्या फोनवर दोनचं बटण शोधलं आणि शिक्का मारावा तसा त्यावर अंगठा दाबला.

"धन्यवाद. आपली नोंद झाली आहे," फोनमधली बाई म्हणाली.

"किती टाकलं?" जमनीने नवऱ्याला विचारलं.

"दोन."

"मागल्या सोमवारी तीन होतं ना?"

"मागल्या सोमवारी टेका न घेता उभं राह्यता येत होतं."

तांड्यात फोनला रेंज होती ती फक्त त्या ओट्यावर. घरापासून दीडशे पावलं. दसऱ्याला तो एवढं अंतर एकटा चालला होता. आता वाटेत दोनदा थांबावं लागे, एकदा लिंबाला टेकून आणि एकदा जमनीच्या खांद्याला. प्रोस्टेटचा कॅन्सर कमरेच्या हाडांत उतरला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी या वयात पुन्हा पुन्हा एवढ्या लांब येऊ नका म्हणून सांगितलं आणि घरी येऊन पाहणाऱ्या एका संस्थेकडे त्याचं नाव दिलं. संस्थेकडे जिल्हाभरातले साठीपुढचे एकशे चाळीस पेशंट होते आणि नर्स होत्या दोन. म्हणून ही फोनची सोय. दर सोमवारी यंत्र फोन लावायचं, पेशंटने एक आकडा दाबायचा, तो आकडा उज्ज्वला नर्सच्या टॅबवर उमटायचा. ज्याला जास्त गरज त्याच्याकडे ती आधी पोचणार. डोंगरसिंगच्या साध्या गोळ्या केव्हाच पुरेनाशा झाल्या होत्या. जोरदार गोळी हवी तर ती उज्ज्वला आल्यावरच मिळणार होती.

"कृपया आपल्या वेदनेची पातळी शून्य ते दहा या प्रमाणात नोंदवा," असं फोनमधली बाई म्हणायची. घरी गोरबोली आणि गावात वऱ्हाडी बोलणाऱ्या डोंगरसिंगच्या कानावरून त्यातलं अर्धं निघून जायचं. पण 'प्रमाणात' आणि 'नोंदवा' हे शब्द त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. कोतवाल म्हणून तीस वर्षं तो तलाठ्याच्या मागे बांधाबांधाने हिंडला होता.

"थे नर्स पोरगी काहून येत नाही?" परतताना जमनी म्हणाली. "तुमीच फोन लावा ना तिले."

"नोंद केल्यावर मागं लागत नसते. वर जाते, वरून खाली येते. टाइम लागतेच."

"तुमचं कंबरडं थांबते काय तवरोक?"

तो कंबर धरून चालत राहिला. लिंबाखाली आला आणि खोडाला हात लावून उभा राहिला.

पौषात आकडा एकवर आला. त्यानंतरच्या सोमवारी तो बाजेवरून उठलाच नाही. मुलगा धरमसिंग ऊसतोडीला गेलेला, घरात दोघंच. जमनी एकटी फोन घेऊन निघाली तेव्हा त्याने आतून हाक मारली.

"शून्य टाक."

तीन दिवसांनी तांड्यात स्कूटर आली. उज्ज्वला हसतच दारात उभी राहिली. जमनीला ती तांड्यातल्या पोरींसारखं याडी, म्हणजे आई, म्हणे.

"कुठं आहेत आपले आबाजी? त्यांचा फोटो काढायचा आहे, याडी! परवा मीटिंगमध्ये त्यांची रेषा भिंतीवर दाखवली. चार, तीन, दोन, एक, शून्य. साहेब म्हणे, असा पेशंट जिल्ह्यात दुसरा नाही."

जमनीने नुसतं आत बोट दाखवलं. डोंगरसिंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाजेची दोरी त्याच्या मुठीत होती.

"आली काय बाई," तो न वळता म्हणाला. "शून्यावर तरी आली."

उज्ज्वलाने हातातला फोन पिशवीत टाकला आणि बाजेपाशी खाली बसली.

"आबाजी, शून्य म्हणजे..."

"शून्य म्हणजे काहीच राह्यलं नाही. याच्या खाली कुठं जाऊ?"

"अन् दसऱ्याला चार दाबलं होतं, तेव्हा?"

"तवा चार होतं. दोन घास जात होते. रातच्याले थोडा डोळा लागे."

उज्ज्वलाने जमनीकडे पाहिलं.

"यायनं तीस वर्षं आणेवारी केली, बाई," जमनी म्हणाली. "तलाठ्यासंगं फीत धरायची, पीक कापायचं, मोजायचं. पुरं पिकलं तर सोळा आणे. आठच्या खाली गेलं का दुष्काळ."

"मशीननं सोळाचे दहा केले," डोंगरसिंग म्हणाला. "म्हटलं, मंग पाचच्या खाली मदत."

उज्ज्वलाने टॅब काढला. पाचच्या खालची सगळी नावं हिरवी, म्हणजे घाई नसलेली होती. डोंगरसिंगचं नाव त्यात सगळ्यात तळाशी होतं.

"तीन महिने होत आले, आबाजी. मले एक फोन करायचा ना."

"दुष्काळाची मदत तीन महिन्यांच्या आधी आली काय कधी?"

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नव्या तलाठ्याला गावची शीव दाखवावी तसं तो सांगत होता. मग उज्ज्वलाने त्याला समजावलं. यंत्र काय उरलं ते विचारत नाही, किती दुखतं ते विचारतं. जास्त दुखलं तर मोठा आकडा.

त्याने मुठीतली दोरी सोडली. मग कण्हत, हळूहळू तिच्याकडे वळला.

"म्हणजे दुखण्याचीच आणेवारी?"

"हो."

"उफराटंच आहे," तो म्हणाला आणि त्याच्या तोंडावर जरासं हसू आलं. "अन् तुमाले बाई हे कोणं शिकवलं? तुमच्या घरी वावर नाही काय?"

"आहे ना. राळेगावले."

"मंग?"

उज्ज्वलाने टॅब मांडीवर घेतला. "आता सांगा," ती म्हणाली. "मोठा आकडा म्हणजे मोठं दुखणं. किती?"

त्याने डोळे मिटले. बांधावर उभं राहून वावर नजरेखाली घालावं तसा चेहरा केला.

"आठ."

"दहा नाही?"

"दहा कसं म्हणू? तुमच्यासंगं बोलून राह्यलो ना. खोटी नोंद नाही करायची."

उज्ज्वलाने ओट्यावर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन आली. तिसऱ्या दिवशी डोंगरसिंग दुपारी झोपला तो दिवेलागणीपर्यंत. जमनीने दोनदा त्याच्या नाकाजवळ हात नेऊन पाहिलं.

त्या आठवड्यात उज्ज्वलाने हिरव्या यादीतलं एकेक नाव काढलं आणि स्कूटर घेऊन निघाली. पुष्कळ जण खरंच बरे होते. पण दारव्ह्याचे म्हातारे शिंपी रहेमानमियां लहान आकडा दाबत होते, कारण फोन सुनेसमोर वाजायचा. झरी जामणीकडच्या एका म्हाताऱ्याची बोटं औषधाने बधिर झाली होती. त्याला शेवटच्या ओळीतला शून्यच तेवढा हाताला लागायचा. राळेगावजवळच्या विमलताई पाच सोमवार एक दाबत होत्या. मराठीसाठी एक दाबायचा असतो हे त्यांना बँकेच्या फोनमुळे ठाऊक होतं, आणि पुढचं बोलणं कधी सुरू होतं याची त्या वाट पाहत होत्या.

डोंगरसिंग चैत्रात गेला. शेवटच्या सोमवारी त्याने तीन नोंदवलं होतं, आणि ते तीन खरं होतं. विमलताईंची तब्येत सुधारली, त्या आता वावरात चक्कर मारून येतात. रहेमानमियां अजूनही दोनच दाबतात. उज्ज्वला आकडा न पाहताच त्यांच्याकडे जाते. दोन मीटिंगांमध्ये भांडून तिने फोनमधलं वाक्य बदलून घेतलं. धरमसिंग ऊसतोडीहून परत आला, तो पुन्हा गेला नाही.

जमनी त्याच्याजवळ राहते. डोंगरसिंगचं नाव यंत्रातून काढायला मात्र वेळ लागला. तेराव्यानंतरच्या सोमवारी अकरा वाजता ती सवयीने ओट्यावर जाऊन बसली, आणि फोन वाजला. बाईने विचारलं, किती दुखतं.

"ते गेले," जमनी म्हणाली.

"आपला प्रतिसाद समजला नाही. कृपया पुन्हा नोंदवा."

जमनी उठून उभी राहिली. डोईवरचा पदर नीट केला. गावात कोणी वारलं की कोतवालाने नोंदीसाठी कसं सांगायचं असतं, ते तिने दारात उभं राहून किती वेळा ऐकलं होतं.

"डोंगरसिंग हामला राठोड," ती सावकाश म्हणाली. "वय बहात्तर. शुक्रवार, दिवस निघायच्या आंधी."