हासेलवाइलरची तिसरी खुर्ची

हासेलवाइलरमध्ये तिशीच्या आतला जो कोणी होता तो ओरानामावशीच्या हातात पहिल्यांदा रडला होता. परगावच्या सुना आणि पाद्री तेवढे सोडायचे. सुईणीचा मान गावात मोठा. खाणीवरून परतणारे लोक तिला रस्ता सोडत, बेकरीत तिला रांग नसे, आणि तिच्या तोंडून काही फटकळ निघालंच, तर "तिनं तुझी नाळ कापलीय, ऐकून घे" म्हणून घरचेच समजूत घालत. नवरा महायुद्धात व्हर्दूंच्या लढाईला गेला तो गेलाच. मूलबाळ नव्हतं. गाव हाच तिचा गोतावळा होता आणि तो आपल्याला कधी अंतर देईल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पस्तीस सालच्या जानेवारीत, फ्रान्स-जर्मनीच्या सरहद्दीवरच्या सारच्या खोऱ्यानं स्वतःचं काय ते ठरवायचं होतं. युद्ध संपल्यापासून इथला कारभार जिनिव्हाचा राष्ट्रसंघ बघत होता आणि खाणींतला कोळसा फ्रान्सच्या पदरात पडत होता. आता मतदान होतं: जर्मनीत जायचं, फ्रान्समध्ये जायचं, की राष्ट्रसंघाखाली 'जैसे थे' राहायचं. फ्रान्सचं नाव लोक हसण्यापुरतं घेत. खरा सामना जर्मनी आणि 'जैसे थे' यांचा, आणि 'जैसे थे'वाल्यांचा आवाज रोज थोडा खाली जात होता. सरहद्दीपलीकडे हिटलर बसला होता आणि अलीकडे गल्लीगल्लीत त्याचा एकेक माणूस. हासेलवाइलरमधला तो माणूस म्हणजे बेकरीवाला निक्ला योस्ट. तोही मावशीच्याच हातचा, आणि पायाळू, म्हणून तिच्या पक्का लक्षात राहिलेला.

मतदान नीट व्हावं म्हणून राष्ट्रसंघानं इंग्रज, इटालियन, डच, स्वीडिश असं चार देशांचं सैन्य खोऱ्यात आणून ठेवलं होतं. हासेलवाइलरच्या वाट्याला स्वीडिश पोरं आली. ती सकाळी कवायत करत आणि दुपारी तळ्यावरच्या बर्फात गावच्या मुलांबरोबर घसरत. शिवाय प्रत्येक मतकेंद्रावर परदेशी अध्यक्ष. इथला अध्यक्ष डेन्मार्कचा एक वकील होता, रिस्गोर नावाचा. उंच, सडसडीत आणि पोटाचा नाजूक. गावच्या खाणावळीत निक्लाच्या मंडळींचा अड्डा, तेव्हा निष्पक्ष माणसानं तिथं कसं उतरायचं? म्हणून त्याला मावशीची माडी दिली.

रिस्गोर पहिल्याच जेवणाला खुलला. सारण भरलेले बटाट्याचे गोळे त्याला चक्क पचले.

"बाई, जगात लढाईशिवाय भांडणं मिटू शकतात," तो शाळेत शिकलेल्या जर्मनमध्ये म्हणाला. "ओलांद बेटांवरून स्वीडन आणि फिनलंड हमरीतुमरीवर आले होते. राष्ट्रसंघानं निकाल दिला, दोघांनी मानला. एक गोळी सुटली नाही."

"आणि जपानी? ते मांचुरियात घुसले तेव्हा हो?"

रिस्गोरनं ताटातल्या बटाट्याच्या गोळ्याचे बारीक तुकडे करायला घेतले. "ते दूर आहे," तो म्हणाला.

"आम्ही जवळ आहोत ना?"

"अगदी जवळ. म्हणून तर मी इथं आलोय."

माणूस चांगला होता, हे ओरानाला तिथंच कळलं. नियमाला देव मानणारा होता. तिला तशी माणसं आवडत. हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला न शिवण्याचा तिचाही नियम होता आणि त्यापायी तिनं मोठमोठ्या सासवांना दाराबाहेर काढलं होतं.

अडचण खुर्चीची निघाली. मतदानाच्या टेबलाला तीन खुर्च्या: मधली अध्यक्षाची, एक जर्मनीच्या बाजूच्या साक्षीदाराची, एक 'जैसे थे'च्या. दुसरीवर निक्ला आनंदानं बसणार होता. तिसरीवर बसायला गावात कुणी मिळेना. खाणीतल्या पंपावरचा बार्टेल त्या बाजूचा असावा असा सगळ्यांना संशय होता. रिस्गोर त्याला विचारायला गेला तेव्हा मावशी ओळख करून द्यायला बरोबर होती.

"साहेब, मतपत्रिकेला पडदा आहे," बार्टेल दारातूनच म्हणाला. "खुर्चीला कुठाय? तुमची गाडी परत जाणार. माझी बायको इथंच राहणार."

परतताना रिस्गोरचा चेहरा उतरला होता. एका बाजूची खुर्ची रिकामी राहिली तर हे मतदान खरं कसं म्हणायचं, हे तो बर्फाला विचारावं तसं खाली बघून बोलत होता.

"मी बसते," ओराना म्हणाली.

"तुम्ही त्या बाजूच्या आहात?"

"कोण कुठल्या बाजूचं ते विचारायचं नाही, हा नियम तुमचाच ना? तुम्हाला टेबल लंगडं नकोय. मी बसले की झालं." तिनं मागं वळून बार्टेलला हाक मारली. "काय रे, तुमच्याकडून माझं नाव चालेल?"

बार्टेलनं नाइलाजानं मान डोलावली. "मावशी, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अरे, मला कोण काय करतंय? सगळ्यांची ढुंगणं मी धुतलीत."

हा तिचा हिशेब. दुसऱ्या कुणी केला असता तर आपण त्याला खुळा म्हटलं असतं. पण ज्या गावात नाळ कापणाऱ्या बाईच्या शब्दापुढे पोलीसही नमतो, त्या गावातल्या माणसाला हा हिशेब चुकीचा कसा वाटावा? तिघांनी टेबलावर हात ठेवून शपथ घेतली: आपलं किंवा दुसऱ्याचं मत कधी उघड करणार नाही. निक्लानंही घेतली.

मतदान रविवारी झालं. टेबल मांडण्याआधी दोघा साक्षीदारांनी आपापली मतं देऊन घेतली. ओराना पडद्याआड गेली, पेन्सिल हातात घेतली आणि जर्मनीसमोर फुली मारली. त्यात तिला फार विचार करावा लागला नाही. नवरा जर्मन गणवेशात मेला होता. तिच्या आईच्या अंगाईची भाषा जर्मन, प्रार्थनेची भाषा जर्मन, पाद्रीही तेच सांगत होता. हिटलर तिला आवडत नव्हता, त्याचा आवाज रेडिओवर लागला की ती पातेली जरा जास्त जोरात घासायची; पण माणसं येतात नि जातात, देश राहतो, असं तिला वाटे. पत्रिका पाकिटात घातली, पाकीट पेटीत टाकलं आणि ती 'जैसे थे'च्या खुर्चीवर जाऊन बसली.

दिवस शांततेत चालला. नव्वदीच्या म्हाताऱ्यांना घसरगाडीवर बसवून आणलं. अमेरिकेहून खास मत द्यायला आलेला एकजण ढसाढसा रडला. कुठं दगड नाही, शिवी नाही. मतकेंद्रात कुणी कुठल्याही बाजूची खूण केली तर त्याचं मत रद्द, हा नियम दारावर मोठ्या अक्षरांत लावला होता, आणि लोक खिशात हात घालून, ओठ मिटून, चर्चमध्ये यावं तसे येत होते.

मग निक्लाचे वडील आले, म्हातारे माट्स. त्यांनी पाकीट हातात घेतलं, मुलाकडे अभिमानानं पाहिलं आणि हिटलरच्या सलामीचा उजवा हात ताठ वर केला. रोज गल्लीत करून करून अंगवळणी पडलेलं, दुसरं काही नाही.

रिस्गोरनं पाकीट पेटीपाशी अडवलं. "खूण झाली. निक्ला योस्ट, आपण पाहिलंत?"

"मी खाली बघत होतो," निक्ला म्हणाला.

"बाई, आपण?"

खोलीत सगळे ओरानाकडे बघू लागले. माट्सच्या चार मुलांना तिनं जगात आणलं होतं, पाचवं गेलं तेव्हा त्याच्या बायकोपाशी रात्र जागली होती. म्हातारा काय मत देतोय हेही तिला ठाऊक होतं. ती सकाळी स्वतः तेच देऊन आली होती. एक मत आपल्याच बाजूचं कमी होणार होतं. ती म्हणाली, "पाहिलं. हात वर केला."

माट्सचं पाकीट बाजूला काढलं. टोपी हातात धरून तो दाराकडे गेला आणि त्याला दाराची कडी सापडेना.

मंगळवारी सकाळी रेडिओवर निकाल लागला. दहातले नऊ जर्मनीकडे. अनेक गावांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजल्या होत्या, म्हणजे कुठल्या गावात कुणी काय केलं हे देवालाही कळू नये. घंटा वाजू लागल्या, खिडक्यांतून झेंडे बाहेर आले. ओरानाही झेंडा शोधत होती, नवऱ्याच्या वेळचा होता कुठंतरी पेटीत. तेवढ्यात तिला बाहेर बँड ऐकू आला.

'जैसे थे'ची प्रेतयात्रा होती. त्या दिवशी अशी यात्रा पुष्कळ गावांनी काढली. फळीवर पेंढ्याचा बाहुला, मागे रडण्याचं सोंग करणारी पोरं. हासेलवाइलरच्या बाहुल्याला मात्र पांढरा एप्रन बांधला होता आणि हातात सुईणीची काळी पिशवी होती. यात्रा तिच्या दारापुढं थांबली. लोक हसत होते. तिनं चेहरे पाहिले. प्रत्येकाचं जन्माच्या वेळचं डोकं तिला आठवत होतं. तिला राग आला नाही, आधी लाजच वाटली, आपण उघडे पडल्यासारखी.

कोपऱ्यावरून एक स्वीडिश पोरगा बंदूक खांद्याला लावून आला आणि दारापाशी उभा राहिला. यात्रा मुकाट पुढे गेली. ते सैन्य होतं तोवर गावात कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, हे खरंच सांगायला हवं.

मतपेटी पोहोचवून आलेला रिस्गोर त्याच दुपारी सामान आवरत होता. तो खूश होता. इतकं स्वच्छ मतदान युरोपात झालं नव्हतं.

"तुम्ही जायच्या आधी त्यांना सांगा," ओराना म्हणाली, "की मी नुसती खुर्ची भरली."

"ते मला कसं ठाऊक असणार? आणि ठाऊक असतं तरी सांगता आलं नसतं. तेच तर या व्यवस्थेचं बळ आहे, बाई. घाबरू नका. मतावरून कुणाला त्रास देणार नाही, असं जर्मनीनं लिहून दिलंय."

"कुणाला?"

"राष्ट्रसंघाला."

"त्या संघातून तर जर्मनी उठून गेलाय ना? पंगतीतून उठलेल्या माणसानं वाढप्याला लिहून दिलं होय?" ती थांबली. "आणि मी इथं ओरडले तर जिनिव्हाला ऐकू जाईल?"

रिस्गोरनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याच्या गाडीची वेळ झाली होती.

फेब्रुवारी सरता सरता स्वीडिश पोरं गेली. स्टेशनवर मुलं रडली. त्यानंतर ओरानाच्या खिडकीची काच फुटली, मग दुसरी. बोलावणी तर आधीच थांबली होती. शेजारच्या गावातून एक तरुण सुईण सायकलवर येऊ लागली. ओराना रोज पिशवीतली अवजारं उकळून पुसून परत ठेवत होती.

एका सकाळी निक्ला आला. टोपी काढून स्वयंपाकघरात बसला, लहानपणी पावासाठी बसायचा त्याच खुर्चीवर.

"मावशी, माझ्या लेनाचे दिवस भरलेत. ती म्हणते, मावशीशिवाय कुणाला हात लावू देणार नाही."

"मग चल. पिशवी तयार आहे."

"असं नाही चालणार. मला पण वर तोंड दाखवायचंय." तो टोपी फिरवत होता. "रविवारी प्रार्थनेनंतर चौकात एवढंच सांग, की मी जर्मनीला मत दिलं. झालं. बाबांचंही मी बघतो. खोटं असलं तरी सांग, मी काही खोदत बसणार नाही."

खोटं असलं तरी! ओरानाला हसू फुटणार होतं. नुसतं खरं बोलायचं होतं आणि काच, काम, गाव सगळं परत मिळणार होतं.

"माझ्यानंतर कुणाला उभं करणार चौकात?" तिनं विचारलं.

"कुणाला म्हणजे?"

"मी सांगितलं, की लोक म्हणतील मावशीनं सांगितलं, तू का नाही सांगत? मग जो सांगणार नाही तो आपोआप सापडला. होय ना?"

निक्लानं खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे बार्टेलची खिडकी महिनाभर बंद होती.

"निक्ला, आपण दोघांनी एकाच टेबलावर हात ठेवला होता."

"ते टेबल गेलं, मावशी. तो डेन गेला. आता कुणाला धरून बसलीयेस तू?" त्याचा आवाज चढला, मग एकदम पडला. "मी रविवारपर्यंत थांबवू शकतो लोकांना. पुढं माझ्या हातात नाही."

"लेनाला सांग, पाय आधी आले तर घाई करू नको म्हणावं त्या सायकलवालीला. तुझ्या वेळी मी केली नव्हती."

दुसऱ्या दिवशी ती फ्रान्सच्या रस्त्याला लागली. बरोबर काळी पिशवी आणि एक गाठोडं. बार्टेल दाराबाहेर आला नाही. शहाणा माणूस, ती मनाशी म्हणाली. चालता चालता मात्र ती रडली, चांगली मोठ्यानं रडली, कारण लेनाच्या पोटातलं मूलही पायाळू आहे असा तिला डिसेंबरपासून संशय होता.

सरहद्दीवरच्या चौकीत शेकोटी होती आणि तिच्यासारखे बरेच जण होते. फ्रेंच अधिकारी सरहद्दीलगतच्या लोरेनचा, बोली जवळपास हासेलवाइलरचीच. तो थकलेला होता पण वाईट नव्हता. त्यानं तिला कॉफी दिली.

"मतदान कुणाला केलंत?"

"ते गुप्त होतं, साहेब."

"अहो आजी, इथं कोण ऐकतंय? 'जैसे थे'वाल्यांनाच आत घ्यायचा हुकूम आहे. हो म्हणा आणि पुढं व्हा."

मागच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. ओरानानं कॉफीचा घोट घेतला. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर परत. आणि दोन्हींपैकी काहीही बोलायला तिची जीभ वळेना.

"शपथ घेतलीय मी. नाही सांगता येणार."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "सांगणार नाही, तर तुम्ही कुठल्या बाजूच्या हे आम्ही ओळखायचं कसं?"

"हेच मला तिकडंही विचारलं," ओराना म्हणाली, आणि पिशवी पायाशी ठेवून बाकावर बसली.