करपलेल्या खव्याची जबाबदारी

आमच्या भूमच्या खवा केंद्राचे मॅनेजर महारुद्र साहेब लई जबाबदार माणूस. काहीबी बिघडू द्या, जबाबदारी कुणाची ते उभ्या उभ्या सांगत्यात. आजवर एकदाबी ती त्यांची सोताची निघाली न्हाय, देवाचीच कृपा!

परवा ते पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आले आन् आल्या आल्या म्हणले, "सगळ्याजणी बाहेर या. टीमची मीटिंग हाय."

आमच्या तिघींचं दूध नुकतंच चढलेलं, पण अयोध्याकाकूंची कढई पार आटत आलेली. अशा वक्ताला उलथनं थांबलं की खवा बुडाला लागतोच. काकू म्हणल्या, "साहेब, एवढी कढई उतरू द्या."

"काकू, शिस्त म्हणून काही हाय का न्हाय?"

गेलो बाहेर. विषय काय, तर 'कामाची जबाबदारी'! साहेब बोलत व्हते, मागं धूर निघत व्हता, आन् काकू उठल्या की साहेब हातानंच खाली बसा म्हणत व्हते.

खव्याचा कोळसा झाला. दुपारी चेअरमन आले, तसं साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ही कढई कुणाकडं व्हती?" काकूंकडं. झाला तपास! "उद्यापासून येऊ नका."

काकूंचा लेक लातूरला शिकतोय, तो ह्याच भट्टीच्या जिवावर. बाई जागच्या जागी बसली. माझं डोस्कं फिरलं.

"साहेब, बाहेर तुमीच बोलावलं व्हतं की!"

"दैवशालाबाई, बोलावलं व्हय. करपवा म्हणलो का?"

घ्या! चोर तर चोर, वर शिरजोर. माझी दुपारची कढई आटत आली व्हती. मी उलथनं त्यांच्या हातात दिलं आन् लांब सरकले. "आता ही तुमच्याकडं."

बाकीच्या दोघी जागच्या हालल्या न्हाईत. साहेबांनी चार हात मारले. चष्म्यावर वाफ धरली, हात भाजला, वास सुटला. "काकू! अवो काकू, पळा!"

काकू उठल्या, उलथनं घेतलं, खवा वाचवला.

साहेबांनी चष्मा पुसला आन् चेअरमनकडं वळले. "काकूंना मी माफ करतोय. त्यांना कामावर ठेवायची जबाबदारी माझी."

"वा!" चेअरमन म्हणले. "पुढारी असावा तर असा."

काकूंनी मान वर केली न्हाय. "घ्या की जबाबदारी," त्या म्हणल्या, "पण जरा लांब हुभं राहून घ्या, साहेब. खवा लागंल."