किपर बदला

अशी कल्पना कर, की तुझ्या तोंडाला जांभळा रुमाल नाकापर्यंत घट्ट बांधलेला आहे आणि नुसते डोळे तेवढे उघडे आहेत. तू स्टेडियमच्या सिमेंटच्या पायरीवर उभी आहेस. पुढे माणसं, मागे माणसं, आणि हाताच्या अंतरावर हलगी कडकडते आहे. तिचा ठोका कानात नाही, बरगड्यांत वाजतो. हजार माणसं एकदम ओरडतात, आणि तुला कळायच्या आत तुझंही तोंड उघडतं. दिसलं सगळं? आता तुझ्या जागी शिवानीला उभी कर, कारण ही गोष्ट तिची आहे.

“किपर बदला! किपर बदला!”

दहा वर्षांची शिवानी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. दीपमाळ तालमीच्या फुटबॉल संघावर नुकताच तिसरा गोल चढला होता. चेंडू तसा साधा होता. किपरच्या हातात आला आणि ओल्या साबणासारखा निसटून जाळ्यात गेला. हंगामातला हा चौथा सामना आणि चौथी हार. गॅलरीत जांभळे झेंडे अजून होते, पण हलवत कुणी नव्हतं.

हलगी वाजवत होता गुंडूकाका. सामन्याआधी कागदाच्या जाळावर हलगी शेकताना त्यानंच शिवानीला शिकवलं होतं, “हलगी सांगंल तसं वरडायचं. मधी डोकं लावायचं न्हाय.” आणि शिवानी डोकं लावत नव्हती.

पुढच्या पायरीवर तालमीचे अध्यक्ष गणपतराव बसले होते. ते ताडकन मागे वळले.

“गुंड्या, बास कर की! आपलाच माणूस हाय त्यो!”

गुंडूनं ओशाळून पंजा हलगीवर सपाट ठेवला. पंजा पडला की हलगी मुकी होते. तिच्याबरोबर सगळी गॅलरी गप्प झाली. शिवानीच्या अंगातला ठोका मात्र थांबला नव्हता.

“किपर बदला!”

एकट्या पोरीचा पातळ आवाज त्या शांततेतून थेट खाली गेला. गोलचे खांब त्या गॅलरीच्या अगदी पायथ्याशीच होते. किपरनं मान वळवून वर बघितलं, क्षणभरच. मग तो खाली वाकला आणि ग्लोव्हचा पट्टा, जो सैल झालाच नव्हता, पुन्हा आवळू लागला.

तो किपर म्हणजे प्रसेनजीत. शिवानीचा बाप.

गुंडूकाकानं तिच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. शिवानीनं रुमाल आणखी वर, डोळ्यांखाली ओढला.

*

प्रसेनजीत सतरा वर्षं दीपमाळचा किपर होता. दिवसा उद्यमनगरात लेथवर काम, सकाळ-संध्याकाळ सराव. डाव्या हाताचं मधलं बोट एका उपांत्य सामन्यात मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. पेठेतली माणसं त्या बोटाची गोष्ट नव्या पोरांना सांगायची. यंदा मात्र ती गोष्ट कुणी काढली नव्हती. यंदा चहाच्या गाड्यावर प्रसेनजीत आला की बोलणं पावसापाण्यावर जायचं.

त्या सामन्यानंतर तो घरी आला, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावली, शिवानीची वही तपासली. तेराच्या पाढ्यात तिची चूक होती, तीही दाखवली. रोजच्यासारखंच. शिवानीला त्याचीच भीती वाटली. तो ओरडला असता, तर तिला रडता तरी आलं असतं.

दोन दिवस तिनं कळ काढली. तिसऱ्या दिवशी तो दारात बसून बुटांचा चिखल काढत होता, तेव्हा ती जवळ जाऊन बसली.

“पप्पा, गॅलरीतलं मैदानात ऐकू येतं?”

“येतं की.”

“काय येतं?”

“नुसता गलका. बोअर सुरू केल्यावर येतो तसा.”

“एकट्याचा आवाज येतो?”

प्रसेनजीतनं बूट उलटा करून उंबऱ्यावर आपटला. चिखलाचा गोळा सुटून पडला.

“एवढ्या गर्दीत एकट्याचा कुठला येतोय?” तो म्हणाला. “जा, पाणी आण जरा.”

शिवानी पाणी आणायला उठली. तिला हलकं वाटायला हवं होतं. तांब्या भरून वाहू लागला, तरी ती नळाशीच उभी होती.

*

रविवारी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बैठक बसली. मोठी माणसं खुर्च्यांवर, तरुण पोरं गाड्यांवर, बारकी पोरं पायऱ्यांवर. शिवानी सगळ्यात खालच्या पायरीवर बसली.

“पुण्याचा फॉरवर्ड आणला,” विश्वजित बोटांवर मोजून सांगत होता. संघाचे व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकणारा हा पोरगा. आवाज सगळ्यांत मोठा. “त्यो गुडघा धरून बसलाय. चिपळूणचा डिफेंडर आणला, त्यो हरल्यावर जिकलेल्यांच्या गाडीवर बसून चहाला जातोय!”

“पेठंत पोरं जन्माला यायची बंद झाली काय रं?” मागून कुणी तरी म्हणालं. हशा झाला, पण कोरडा.

“पोरं हायत, खेळ न्हाय,” विश्वजितनं मोबाईल पुढे केला. “ह्यो बघा. सावियो. गोव्याचा किपर. त्याचा क्लब बंद पडलाय, आज कुठल्याच संघात नाव न्हाय. फ्री एजंट हाय.”

“फ्री म्हंजे फुकट येतोय?”

“फुकट न्हवं ओ, मोकळा हाय. खोली, जेवण आणि हातखर्च दिला की उद्या बसतोय गाडीत.”

मोबाईल हातोहात फिरला. पडद्यावर एक उंच पोरगा डावी-उजवीकडे झेपावत होता. प्रत्येक झेप अडवलेलीच होती. सुटलेले गोल असल्या व्हिडिओत कोण घालतो? मोबाईल प्रसेनजीतकडे आला. त्यानं तो सगळा शेवटपर्यंत बघितला.

“पाय चांगलं हायत,” तो म्हणाला आणि मोबाईल पुढे दिला.

गणपतरावांनी घसा साफ केला. “यादी भरलीया. वीस नावं हायत. एक घालायचं, तर एक काढाय लागतंय.”

कुणीच कुणाकडे बघेना. कोणतं नाव ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते आपल्या तोंडातून यावं असं कुणालाच वाटत नव्हतं. चार सामने ज्यांनी गॅलरी डोक्यावर घेतली, ती माणसं आता चपलांच्या अंगठ्यांशी खेळत होती.

“माझं काढा,” प्रसेनजीत म्हणाला.

“प्रसेनदा, तसं न्हवं...” विश्वजितचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

“तसंच हाय. काढा.”

गणपतरावांनी वहीत रेघ मारली. कट्ट्यावर जो सुस्कारा सुटला, तो दुःखाचा नव्हता, सुटकेचा होता. शिवानी लहान होती, पण दोन्हींतला फरक तिला कळला. तिनं बापाकडे बघितलं. तो वाकडं बोट सरळ करायचा प्रयत्न करत असल्यासारखा दुसऱ्या हातानं दाबत होता.

*

दीपमाळ तालमीची एक जुनी रीत आहे. बाहेरचा खेळाडू आला, की ज्याची जागा तो घेणार, त्यानंच त्याच्या हातात जर्सी द्यायची आणि पहिलं जेवण आपल्या घरी घालायचं. मनात अढी राहू नये, म्हणून कुणा जाणत्यानं ही रीत घालून दिली म्हणतात. अढी खरंच जाते का, ते त्या घरांना विचारायला हवं.

मंगळवारी सावियो आला. व्हिडिओत दिसला त्याहून बारीक, बावीस-तेवीस वर्षांचा, खांद्याला एकच बॅग. शिवानीच्या आईनं अख्खा मसूर, भाकरी आणि खर्डा केला होता. सकाळपासून ती भांडी जरा जोरातच ठेवत होती, पण ताट वाढताना तिनं मसुरावर तुपाची धार सोडली. खर्ड्याचा पहिला घास घेताच पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“पावणं, पाणी पिऊ नका, गूळ घ्या,” प्रसेनजीतनं वाटी सरकवली. “पाण्यानं तिखट आणखी वाढतं.”

सावियोनं गूळ चघळला. भिंतीवर खिळ्याला ग्लोव्ह्ज लटकत होते, त्यांच्याकडे त्याची नजर पुन्हा पुन्हा जात होती. शेवटी तो त्याच्या गोव्याकडच्या हेलात म्हणाला,

“दादा, एक विचारू? इथले लोक खूप बोलतात, असं ऐकलं. मागच्या क्लबात आमच्या मॅचला पन्नास माणसं असायची. मला सवय नाही.”

आईचा हात भाकरीवर थांबला. शिवानीनं ताटात मान घातली.

प्रसेनजीत मसुरात भाकरी कुस्करत राहिला. मग धंद्यातली गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणाला,

“हजार माणसं एकदम वरडतात न्हवं, तवा काय वाटत न्हाय. त्यो वाराच असतोय. पाठ करायची आणि चेंडू बघायचा.” त्यानं घास घेतला, गिळला. “सगळी गप झाल्यावर कधी एखादाच आवाज येतोय. त्यो ऐकू येतोय बघ. त्यो मनावर घ्यायचा न्हाय. त्याच्यात वाईट कायबी नसतंय. हलगी थांबल्याली त्याला कळल्याली नसतीया, एवढंच.”

सावियोनं मान डोलावली. त्याला त्यातलं किती समजलं, कोण जाणे. आई म्हणाली, “भाकरी वाढू का अजून?”

शिवानीच्या हातात घास तसाच होता. बाप तिच्याकडे बघत नव्हता. जेवणभर त्यानं तिच्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि ते मुद्दामच होतं, हे तिला कळलं. हात धुवायच्या निमित्तानं ती परसात गेली आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून उभी राहिली.

*

पुढच्या सामन्याला प्रसेनजीत सतरा वर्षांत पहिल्यांदा गॅलरीत बसला. कुठे बसावं, हेही त्याला नीट कळेना. गुंडूकाकानं सरकून जागा दिली. शिवानी बापाच्या दुसऱ्या बाजूला बसली. रुमाल तिनं आणला नव्हता. पण गॅलरीत रुमाल वाटत होते, तिच्याही हातात एक आला, आणि सगळ्यांनी बांधला म्हणून तिनंही बांधला.

पूर्वार्धात सावियोनं दोन गोल वाचवले. गॅलरीनं त्याचं नाव घेतलं. विश्वजित मोबाईल उंच धरून चित्रण करत होता, मधूनमधून मागे वळून बघत होता, जणू तो पोरगा त्यानंच घडवला होता.

उत्तरार्धात बाजू बदलल्या आणि सावियो त्यांच्या गॅलरीखालच्या गोलमधे आला. पहिला गोल कोपऱ्यातून आला. त्यात त्याची चूक नव्हती. दुसऱ्याला तो पुढे धावला आणि चेंडू डोक्यावरून गेला. तिसरा त्याच्या हातातून निसटला. अगदी तसाच.

विश्वजितचा मोबाईल खिशात गेला.

“ह्याला परत गोव्याच्या गाडीत बसवा!” सगळ्यांत आधी तोच ओरडला.

“मासं धर म्हणावं, चेंडू न्हाय धरायचा तुला!”

“प्रसेनजीतला काढलं कुणी? आँ? कुणी काढलं?”

माना त्यांच्याकडे वळल्या. कुणी प्रसेनजीतच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी पाठीवर थाप मारली. “प्रसेनदा, तुमच्यासारखा किपर न्हाय ओ पेठंत!” गेल्या सामन्यात त्याच तोंडानं काय म्हटलं होतं, ते शिवानीला आठवत होतं. तरी तिच्या छातीत काही तरी उसळलं. दोन आठवडे ती याचीच वाट बघत होती. माणसांनी बापाला परत बोलवावं. तिनं त्या दिवशी मोडलेलं सगळं पुन्हा नीट जुळावं.

“वाजीव की गुंड्या!” मागून आरोळी आली.

गुंडूनं एकदा प्रसेनजीतकडे बघितलं. मग हलगी उचलली.

“किपर बदला! किपर बदला!”

ठोका पुन्हा शिवानीच्या बरगड्यांत शिरला. रुमालाखाली तिचं तोंड उघडलं. खाली सावियो गॅलरीकडे पाठ करून उभा होता, सांगितलं होतं तसा, पण त्याचे खांदे कानांपर्यंत वर आले होते. शिवानीनं बाजूला बघितलं. बाप मैदानाकडे बघत नव्हता. तो मांडीवरचे आपले हात बघत होता. दोन्ही पंजे उघडे होते, आणि हलगीच्या प्रत्येक ठोक्याला ते थोडे थोडे मिटत होते, फटका चुकवावा तसे.

शिवानी उठली. बापाचे गुडघे ओलांडून गुंडूकाकासमोर गेली, आणि त्याच्या हातातलं टिपरू वर असतानाच तिनं आपला पंजा हलगीच्या कातड्यावर सपाट ठेवला. कातडं गरम होतं. हाताखाली ते थोडा वेळ थरथरलं, मग थांबलं.

गॅलरी गप्प झाली. काय झालं ते कळेना म्हणून हजार माणसं तिच्याकडे बघू लागली. खाली सावियोनं मान वळवून वर बघितलं.

हलगीवरचा हात न काढता शिवानीनं दुसऱ्या हातानं तोंडावरचा रुमाल खाली ओढला.