मागच्या खोलीतली द्रौपदाबाई

द्रौपदाबाईने आपली खाट मागच्या खोलीत नेली, तेव्हा तिच्या नवऱ्याला, भाईदासला वाटलं, पुढे उकडत असेल. मग तिने ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. पौर्णिमेला विहारात जायचंही सोडलं.

छातीतली गाठ तिने वर्षभर कुणाला कळू दिली नव्हती. धुळ्याला दाखवलं तोवर आजार हाडांत उतरला होता. औषधांनी गाठ थोडी ओसरली, पुन्हा वाढली आणि शेवटी फुटली. डॉक्टरांनी भाईदासला जवळ बसवून सांगितलं, "आता बरं करणं आपल्या हातात नाही, आबा. पण त्यांचा त्रास कमी करणं आहे. ते सोडायचं नाही."

त्या दवाखान्यातली नर्स मेघा दर आठवड्याला नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावी येऊ लागली. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या द्यायची, दार लोटून जखम धुवायची. भाईदास तेवढा वेळ ओट्यावर बसून राहायचा.

एकदा दार नीट लागलं नव्हतं, आतलं बोलणं ओट्यावर ऐकू आलं.

"अक्का, पट्टी रोज बदलायला हवी. त्यानेच वास कमी होईल. आबांना शिकवू का?"

"त्यास्ले नका सांगू, ताई," द्रौपदाबाई म्हणाली. "हाई देखीसन त्यास्नं मन उडी जाई."

भाईदासच्या ते जिव्हारी लागलं. रागही आला. इतक्या वर्षांत हिने आपल्याला एवढंच ओळखलं? तो उठला, मोरीवर हात धुतले आणि दारात जाऊन उभा राहिला.

मेघा म्हणाली, "अक्का, तुमची हरकत नसेल तरच."

द्रौपदाबाईने तोंड भिंतीकडे फिरवून पदर बाजूला केला.

भाईदासने जखम पाहिली. एवढं अंगावर घेऊन ही बाई परवापर्यंत भाकरी थापत होती.

मेघाने त्याला घाई केली नाही. चिकटलेली पट्टी ओढायची नाही, मिठाच्या कोमट पाण्याने भिजवून सोडवायची. मग वासावरच्या गोळ्यांची पूड जखमेवर पसरायची, हे तिने करून दाखवलं. नवी पट्टी भाईदासने बांधली.

"दुखस का?" त्याने विचारलं.

"नही."

"मंग तोंड कसाले फिरावस? मीच शे ना."

तिने मान वळवली नाही, पण तिचे खांदे हलू लागले. मेघा पाणी बदलायच्या निमित्ताने बाहेर गेली.

त्यानंतर रोज सकाळी हात धुऊन तोच पट्टी बदलू लागला. वास हळूहळू ओसरला. खाट पुढच्या खोलीत आली. पुढच्या पौर्णिमेला द्रौपदाबाई पांढरं लुगडं नेसून, त्याच्या हाताला धरून विहारात गेली. दाराशी बसणार होती, पण शेजारच्या बेबाबाईने सरकून आपल्याजवळ जागा केली. वंदना होईपर्यंत ती तिथे बसली. घरी येताना म्हणाली, "बठ्ठ्या, एकूणएक बाया बोलन्यात मनासंगे."

चैत्रात तिचं खाणं सुटलं. भुसावळहून मुलगी दिपमाला आली. एक दिवस तिसऱ्या प्रहरी, मुलगी ओठांना पाणी लावत असताना, द्रौपदाबाई गेली.

अंघोळ घालायला बायका जमल्या. बेबाबाई म्हणाली, "भाऊ, तुम्ही बाहेर बसा." भाईदास हलला नाही. म्हणाला, "पट्टी मी सोडतो. तुमच्याकडून ओढली जाईल." बायका बाजूला सरकल्या. त्याने कोमट पाणी घेतलं, नेहमीसारखी पट्टी भिजवली आणि सावकाश सोडवली. मग नवी बांधून तो बाहेर आला.

दहा-बारा दिवसांनी मेघा आली. आता इथे तिचं काम उरलं नव्हतं, म्हणून भाईदास गोंधळला.

"अक्कांचं झालं," ती ओट्यावर बसत म्हणाली. "आता तुमचं सांगा. झोप लागते का, आबा?"

इतके लोक येऊन गेले, हे कुणीच विचारलं नव्हतं. मेघा वाट पाहत बसून राहिली. दिपमालाने दोघांपुढे चहा ठेवला. तो निवून गेला तेव्हा कुठे भाईदास म्हणाला, "सकाय व्हयनी का मी हात धुवाले जास, ताई. मंग याद येस."