फक्त लेखकासाठी

"न्हाई गावलं, अप्पा," सुपातली तूरडाळ पाखडता पाखडता जगदेवी म्हणाली. "माज्या बजरंगानं हुडकलं, पुनमनं हुडकलं. मोबाईल तापला पार, पर तुमचं लिवणं काय दिसंना."

विरूपाक्षअप्पा भाजीची पिशवी दोन्ही हातांत धरून तिच्या ओट्यासमोर उभे होते. कुणी तक्रार केली की ते असेच उभे राहायचे, शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलासारखे.

"साईटचं नाव नीट टाकलं होतं का?"

"बोलता मुलूख, बराबर टाकलं की," जगदेवीची सून पुनम आतून म्हणाली. "बाकीच्यांचं समदं दिसतंय. कुण्या बाईच्या कविता हायेत, कुणी किल्ल्यावर लिवलंय. तुमचं नाव टाकलं की कायच येईना."

"मिलातल्या जुन्या बाया हासून राहिल्या मला," जगदेवीने सुपातला एक खडा न बघताच उचलून बाहेर टाकला. "म्हनत्यात, जगे, तुज्यावर कोन लिवतंय? तुजा अप्पा थाप मारून गेला."

ती हसत होती, पण तिने मान वर केली नाही. अप्पांना ते लागलं.

दोन महिन्यांपूर्वी याच ओट्यावर बसून त्यांनी चार दुपारी तिच्याकडून ऐकून घेतलं होतं. जगदेवीने लातूरच्या एका डाळमिलमध्ये चौतीस वर्षं डाळ निवडली. डोळे मिटूनही तिच्या बोटांना खडा कळायचा. मग मिलमध्ये कॅमेऱ्याचं मशीन आलं आणि बायकांना घरी पाठवलं गेलं. आता ती गल्लीतल्या घरांची डाळ निवडून देते. तिच्याबद्दल आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. अप्पांनी विचारलं, लिहिलं आणि सांगितलं, 'जगदेवी, आता सगळ्या जगाला वाचता येईल.' एवढं मोठं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते बोलले, आणि नेमकं तेच अडलं.

"चूक माझ्याकडचीच असणार," ते म्हणाले. "पानात कुठंतरी गडबड झाली असेल. आज नीट करतो. संध्याकाळी बघा."

"बगू की. दोन म्हैने बगतच हाव."

घरी येऊन अप्पांनी भाजी ओट्यावर ठेवली आणि संगणक सुरू केला. ही दुरुस्ती आठवडाभर त्यांच्या मनात होतीच. 'बोलता मुलूख' हे नांदेड-लातूरच्या निवृत्त मंडळींचं संकेतस्थळ. बारा जण त्यावर लिहीत. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि अक्षर ठळक करायचं तर एचटीएमएलचे टॅग हाताने टाकावे लागत. टॅग उघडायचं सगळ्यांना आठवे, मिटवायचं कुणाला आठवत नसे. मागच्या पंधरवड्यात कुणीतरी असाच एक टॅग उघडा टाकला आणि त्या पानावर खालचं सगळं ठळक झालं, एका श्रद्धांजलीसकट. आपलं पानही अशाच एखाद्या उघड्या टॅगने गायब झालं असेल, असा अप्पांचा अंदाज होता.

यावर एक उपाय अप्पांना सापडला होता. साधा मजकूर लिहायचा, आणि शब्द ठळक हवा तर त्याच्या दोन्ही अंगांना एकेक चांदणी (*) टाकायची. एचटीएमएल करण्याचं काम मग एक छोटं प्लगिन करतं. त्याच्या सूचना इंग्रजीत होत्या. अप्पांनी कोश घेऊन त्या वाचल्या आणि वहीत मराठीत उतरवून काढल्या. वाचताना त्यांना हसू आलं. नांदेडच्या एका दैनिकात त्यांनी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. शब्दाखाली नागमोडी रेघ मारली की जुळारी तो ठळक लावायचा, सरळ रेघ मारली की तिरपा. म्हणजे हे आपलंच काम की, त्यांना वाटलं. फक्त शिशाचे खिळे दिसत नाहीत.

प्लगिन बसवायला अॅडमिनचा पासवर्ड लागणार होता, आणि तो होता हणमंतरावांकडे. हणमंतराव नांदेडच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, संकेतस्थळाचे संपादक आणि अप्पांचे चाळीस वर्षांचे मित्र. अप्पांनी त्यांना चार वेळा फोन लावला. ते माहूरला दर्शनाला गेले होते, फोन लागेना. शेवटी अप्पांनी त्यांच्या पुतण्याला, मिहिरला लावला. संकेतस्थळ त्यानेच उभं केलं होतं. आता तो पुण्यात नोकरीला होता.

"काका, मी मीटिंगमध्ये आहे हो. तुम्ही एवढं सगळं वाचून काढलंय ना? मग तुम्हीच बसवा." त्याने पासवर्ड सांगितला. "फक्त आधी बॅकअप घ्या."

अप्पांनी बॅकअप घेतला. झिप फाईल चढवली, 'इन्स्टॉल' दाबलं, मग 'चालू करा'. काही मोडलं नाही. मग सेटिंगचं पान उघडलं आणि ते एकेक चौकट वाचत खाली आले. चाचणीला बारा जणांतल्या सौदामिनीबाईंची कविता घेतली. पहिल्या फटक्यात तिच्या सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून तिचा परिच्छेद झाला. अप्पांनी वही चाळली आणि 'ओळ मोडली तिथे मोडू द्या' या चौकटीत खूण केली. कविता पुन्हा उभी राहिली. सत्तरी ओलांडलेला माणूस खुर्चीत एकटाच हसला.

शेवटच्या पानावर प्लगिनने विचारलं: जुने लेखही नव्या पद्धतीत बदलायचे का? खाली मोजदाद होती. सर्वांसाठी: २१४. फक्त लेखकासाठी: ९६.

अप्पांनी तो आकडा दोनदा वाचला. शहाण्णव हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. स्वतःच्या लेखांची यादी ते वहीच्या मागच्या पानावर ठेवत, आणि त्यातला शेवटचा, जगदेवीवरचा लेख शहाण्णवावा होता.

त्यांनी यादी उघडली. एकाखाली एक शहाण्णव लेख, प्रत्येकासमोर त्यांचं नाव, आणि नावापुढे 'फक्त लेखकासाठी' हाच अर्थ सांगणारं छोटं कुलूप. दुसऱ्या कुणाचाही लेख त्या यादीत नव्हता.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपल्याच हातून मघाशी काहीतरी दाबलं गेलं. मग तारखा दिसल्या. पहिल्या लेखाला तीन वर्षांपूर्वी, छापल्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं होतं. पुढचे सगळे लेख जन्मापासूनच कुलपात होते.

खात्री करायचा एकच मार्ग होता. तीन वर्षांत अप्पांनी संकेतस्थळ कधी लॉगआऊट होऊन पाहिलं नव्हतं. 'पासवर्ड विसराल काका, आतच राहा,' असं मिहिरने सांगितलं होतं, आणि त्यांचा फोन साधा, बटणांचा. आज ते बाहेर पडले. परक्या माणसासारखे 'बोलता मुलूख'च्या दारात आले आणि स्वतःचं नाव टाकलं.

'आपण शोधत असलेले पान सापडले नाही.'

पुन्हा अॅडमिन म्हणून आत यायला त्यांना बराच वेळ लागला. आल्यावर त्यांनी प्रतिक्रियांचं पान उघडलं. त्यांच्या प्रत्येक लेखाखाली दोन ओळी असत, खाली नाव 'सुदर्शन, औसा'. 'डोळ्यांत पाणी आलं.' 'पुढचा लेख कधी?' या माणसाने अप्पांना तीन वर्षं लिहितं ठेवलं होतं. गेल्या दिवाळीनंतर तर ते एसटीने औशाला जाऊन आले होते. वाचनालयात विचारलं, बाजारात विचारलं. एक सुदर्शन सापडला, तो टायरचं दुकान चालवायचा. "म्या कायबी वाचत न्हाई बगा, फक्त हवेचा काटा वाचतो," असं म्हणून त्याने चहा पाजला. आपला सुदर्शन आपल्यासारखाच बुजरा असणार, अशी समजूत घालून अप्पा परतले होते.

आता नावापुढे प्रतिक्रिया देणाऱ्याचा ईमेल दिसत होता. तो हणमंतरावांचा होता. आणि कुलपातल्या लेखाखाली दुसरा कोण लिहिणार?

अप्पा उठले, पाणी प्यायले, परत बसले. समोर प्लगिनचा प्रश्न तसाच होता. त्यांनी 'सर्वांसाठी' एवढ्याच चौकटीत खूण केली आणि दोनशे चौदा लेख बदलून घेतले. मग एकेक उघडून तपासले. एका ठिकाणी यादीचे आकडे घसरले होते, ते सावरले. दुसऱ्यांचा मजकूर स्वच्छ पुढे पाठवायचा, ही त्यांची जन्माची सवय.

दुपारी तीनला फोन वाजला.

"विरू, आत्ता गड उतरलो बघ. तुझे चार मिस कॉल! बरं आहे ना सगळं?"

"हणमंतराव, माझे लेख कुणाला दिसतात?"

"तुला पासवर्ड कुणी दिला? मिहिरनं? मला न विचारता?"

"कुणाला दिसतात?"

"अरे, ऐकून तर घे. तुझा पहिलाच लेख डाळीच्या धुळीवर, बायांच्या खोकल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबरावांचा फोन. आपल्या साईटच्या मंडळाचे अध्यक्ष ते, आणि स्वतः मिलवाले. म्हणाले, हा माणूस आपल्याला नको. आता हे तुला कसं सांगू? तरुणपणी एक कथा परत आली तर तू तीस वर्षं पेन उचललं नाहीस, विरू. मी पाहिलंय ते. म्हटलं, लिहू दे याला. लिहितोय तोवर उभा आहे."

"तीन वर्षं?"

"सांगणारच होतो. दर वेळी वाटायचं, पुढच्या लेखाला सांगू. तू फोनवर इतका खुलायचास..."

"सुदर्शन कोण?"

फोनमधून माहूरच्या दुकानदारांचा आवाज आला, कुंकू घ्या, ओटी घ्या. हणमंतराव बोलले तेव्हा त्यांचा वर्गात घुमणारा आवाज कुठल्याकुठे गेला होता.

"नाव खोटं होतं रे. मजकूर मनापासूनचा होता."

"मी औशाला जाऊन आलो, हणमंतराव."

"कधी? मला बोलला नाहीस."

"लाज वाटली. वाचकाला शोधत फिरणं बरं दिसत नाही."

"विरू..."

"माझं सोडा. मी जगदेवीला सांगितलं होतं, तुझ्यावर लिहिलंय म्हणून. ती लोकांना सांगून बसली. मी तिच्यापुढं खोटा पडलो. ती दोन महिने हसं करून घेतेय."

"हे बघ, तो लेख मात्र उघडू नकोस. साहेबरावांना कळलं तर अख्खी साईट बंद पाडतील. मी आलो की बसून बोलू. काहीतरी मार्ग काढू."

"प्लगिन बसवलंय," अप्पा म्हणाले. "सौदामिनीबाईंच्या कविता नीट दिसतायत. सूचनांचा कागद करून सगळ्यांना पाठवतो."

आणि त्यांनी फोन ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आधी ठेवला होता.

शहाण्णव लेख एका खुणेसरशी उघडता आले असते. अप्पा यादीकडे बघत राहिले. ते चांगले होते का? हे सांगणारा आजवर एकच माणूस होता, आणि त्याचं सांगणं आता धरता येत नव्हतं. स्वतःला विचारावं तर आतून नेहमीसारखंच 'नाही' असं उत्तर आलं असतं. पंचाण्णव त्यांनी तसेच ठेवले. शहाण्णवावा त्यांचा एकट्याचा नव्हता. त्यांनी त्याचं कुलूप काढलं आणि 'सर्वांसाठी' केलं.

ऊन उतरल्यावर ते जगदेवीच्या ओट्याशी गेले. पुनमने मोबाईलवर नाव टाकलं आणि ओरडली, "आत्या, आलं की वो!"

ती वाचू लागली. जगदेवी सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. तिच्या सासरच्या घराचं वर्णन आलं, मिलचा भोंगा आला, बोटांना कळणारा खडा आला. मशीनच्या कॅमेऱ्याचा भाग आला तेव्हा तिचा हात सुपातल्या सुपात थांबला.

"मी म्हनले हुते तसंच हाय," ती म्हणाली. "येक शबूद वाडवला न्हाई तुमी."

अप्पांना कुणी इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं.

"माजं नाव कुटं हाय त्येच्यात?"

पुनमने दाखवलं. जगदेवीने मोबाईल जवळ धरला, लांब धरला. चौतीस वर्षांच्या धुळीने डोळे अधू झाले होते, आणि अक्षरओळख सहीपुरतीच होती. "लई बारीक हाय बाई. समदी अक्षरं सारकीच दिसत्यात. माजं कंचं ते कळंना."

"थांबा," अप्पा म्हणाले. "पाच मिनिटं थांबा."

ते जवळजवळ धावतच घरी आले. लेख उघडला. पहिल्या ओळीत तिचं नाव होतं. त्यांनी नावाच्या आधी एक चांदणी टाकली, नावानंतर एक चांदणी टाकली, आणि मधे जागा राहिली नाही ना हे मुद्रित तपासावं तसं तपासलं. मग 'जतन करा' दाबलं. बाजूला ठेवलेला फोन वाजत होता. पडद्यावर हणमंतरावांचं नाव होतं. अप्पांनी तो तिथेच टेबलावर राहू दिला.

ओट्याशी पोचले तेव्हा पुनमने पान पुन्हा उघडलं होतं. जगदेवी मोबाईल दोन्ही हातांनी धरून बसली होती. भोवतालच्या बारीक ओळींत एकच शब्द काळाभोर उठून दिसत होता.

"ह्योच?"

"हाच."

तिने पदराला बोट पुसलं आणि जपून त्या नावावर टेकवलं. पडद्याला बोट लागताच पान सरकलं आणि नाव वर निघून गेलं. चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला.

"गेलं का वो, अप्पा?"

"नाही," अप्पा म्हणाले. "आहे तिथंच आहे."