ताटाची डावी बाजू

"आज चटणी नाही का?" बाबांनी विचारलं.

चटणी ताटात होती. ओल्या खोबऱ्याची, लिंबाच्या फोडीखाली, मीच वाढलेली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, मला पहिली गोष्ट शिकवली ती ताट वाढायची. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. एखादा पदार्थ जागा चुकला की ते एका बोटाने तो सरकवत. बोलत काहीच नसत, त्याचाच मला जास्त राग यायचा.

"बाबा, आहे ना! नीट बघा तरी."

"कोशिंबीरही केलेली दिसत नाही. निदान सांगायचं तरी."

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून ऑफिसचे कॉल, त्यातून उठून काकडी चोचवली, दाण्याचं कूट घातलं, वर फोडणी दिली, आणि हे म्हणतात केलीच नाही! आदल्या दिवशी मी मीठ वाढायला विसरले होते, त्याचा हा टोमणा असणार. लॅपटॉप बंद केला आणि चार शब्द सुनावायलाच टेबलाशी गेले.

बघते तर ताट अर्धंच जेवलेलं. भाजी संपलेली, आमटीची वाटी चाटूनपुसून स्वच्छ. भाताची मूद उजवीकडून खाल्लेली आणि डावीकडून जशीच्या तशी उभी, सुरीने कापल्यासारखी. त्यापलीकडे बोटही लागलेलं नव्हतं.

काय सुचलं कोण जाणे, मी ताट उलटं फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं.

"हं, आता आणलीस," म्हणत त्यांनी चटणी घेतली. "आधीच वाढायला काय झालं होतं?"



बाबा हात धुऊन उठले. "समीक्षाची शाळा सुटेल. निघतो मी." नातीला ठाकुर्लीच्या शाळेतून स्कूटरवर आणायचं काम त्यांचं. दारापर्यंत जाऊन ते किल्लीसाठी परत फिरले, तेव्हा उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय अनवाणी.

"बाबा, थांबा. तुम्हाला बरं नाहीये. डॉक्टरकडे जाऊया."

"मला काय धाड भरली आहे?"

"तुम्हाला डाव्या बाजूचं दिसत नाहीये!"

"रसिका, मला सगळं दिसतंय. पंखा दिसतोय, घड्याळ दिसतंय, तुझा चढलेला पारासुद्धा दिसतोय."

ते खोटं बोलत नव्हते, हेच भयंकर होतं. मी सर्वेशला फोन लावला. नवरा मीटिंगमध्ये. पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. डोळ्यांसमोर नको ते यायला लागलं: भर रस्ता, डावीकडून येणारा टेम्पो, आणि स्कूटरवर पुढे उभी असलेली माझी मुलगी.

किल्ली टेबलावर होती. हिसकावून घेतली असती तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं आणि तसेच चालत निघाले असते. मी ती फक्त सरकवली. त्यांच्या डाव्या हाताशी.

बाबा शोधायला लागले. वर्तमानपत्र उचललं, फळांची टोपली हलवली, खिसे चाचपले, पुन्हा वर्तमानपत्र. "आत्ता तर इथे होती." डावा हात टेबलावर टेकलेला, आणि करंगळीला लागून किल्ली. इतका टापटिपीचा माणूस. मला रडू फुटलं, पण मी तोंडावर हात दाबून उभी राहिले.

"राहू द्या, रिक्षाने जाऊ," मी म्हटलं. समीक्षाच्या मैत्रिणीच्या आईला, स्वप्नाला, फोन केला: "समीक्षालाही घेऊन जा गं तुझ्याकडे, प्लीज, नंतर सांगते." मग खाली वाकून बाबांच्या डाव्या पायात चप्पल चढवली. रिक्षात त्यांचा डावा हात मी घट्ट धरून बसले होते. "शाळेचा रस्ता हा नव्हे," ते म्हणत राहिले, आणि रिक्षा हॉस्पिटलच्या दारात थांबली.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण डावीकडे लक्ष ठेवायचं काम मेंदूच्या उजव्या भागाचं, आणि तिथेच रक्ताची गुठळी अडकली. डावीकडे अंधार झालाय, असं नाही वाटत त्यांना. डावीकडे काही असतं, हेच मेंदू विसरलाय." वेळेत आणलंत, म्हणाले. सुधारेल, पण हळूहळू. वस्तू डावीकडे ठेवा, तुम्ही डावीकडे बसा, मान त्यांची त्यांना वळवू द्या. ताट मात्र फिरवून द्यायचं नाही.

घरी आल्यापासून मी किल्ली रोज त्यांच्या ताटाच्या डावीकडे ठेवायची, आणि रोज दुपारी तोच प्रश्न. "किल्ली कुठे आहे?"

"टेबलावर. सापडली तर घ्या."

"चेष्टा करतेस माझी? मला काहीही झालेलं नाही." आणि वर्तमानपत्र आपटत. मी त्यांच्या डावीकडे बसून असायची. सापडली नाही तर, याची भीती वाटायची. सापडली आणि घेऊन निघाले तर, याचीही.

काल त्यांना लिंबू सापडलं. मग चटणी. मान आणखी वळली, तिच्यामागून खांदा वळला, आणि हात किल्लीवर पडला. मी उठून दारात जाऊन उभी राहिले.

बाबा किल्लीकडे बघत बसले.

"त्या दिवशीही इथेच होती?"

"हो."

"आणि मी समीक्षाला आणायला निघालो होतो."

बाबांनी किल्ली खाली ठेवली. मग एका बोटाने, वाटी सरकवायचे तशी, ती आणखी डावीकडे नेली, पार टेबलाच्या कडेपर्यंत.

"उद्या इथे ठेव," ते म्हणाले.